पाठवणीची गाडी बंद करत नाहीत

आमच्या कळसमध्ये पाठवणीची गाडी वाटेत बंद करत नाहीत. नारळ फुटला, इंजिन सुरू झालं, की ते नवरीच्या सासरच्या उंबऱ्यापुढं जाऊनच बंद व्हायचं. मधे रेल्वेचं फाटक लागो नाहीतर कुणाला लघवीला लागो. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, हे कुठल्या पोथीत लिहिलंय? पोथीत कुठलं, हे आमच्या आबांच्या जीपमुळं आलंय.

आबा म्हणजे माझे सासरे, आप्पासाहेब. गाव त्यांना आप्पा म्हणतं, आम्ही घरातले आबा. ऊस लावायचा, सोसायटीच्या मीटिंगला जाऊन पुढच्या खुर्चीवर डुलकी काढायची, असे चारचौघांसारखे शेतकरी. पण गावात त्यांची ओळख विचाराल तर बायका सांगतील, पाठवणीचे ड्रायव्हर. तरुणपणी त्यांनी सरकारी लिलावात एक मोडकी जीप घेतली होती. गावात तेव्हा दुसरी गाडी नव्हती, म्हणून त्यांच्या चुलत बहिणीची, प्रयागबाईंची, पाठवणी त्या जीपमधून झाली. जीपचा स्टार्टर मेलेला. ढकलल्याशिवाय चालू व्हायची नाही. वाटेत बंद केली तर वऱ्हाडाला फेटे सांभाळत ढकलत बसावं लागेल, म्हणून आबांनी ती बंदच केली नाही. पुढं प्रयागबाईंचा संसार सोन्यासारखा झाला. त्यानंतरच्या एका नवरीच्या वेळी आबा भिगवणला चहाला थांबले आणि गाडी बंद केली, तर ती पोरगी वर्षाच्या आत माहेरी परत आली. झालं. बायकांनी दोनाला दोन जोडले. पुढं जीपला नवा स्टार्टर बसला तरी नेम तसाच राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्याकडं येऊन बघावं.

आबा स्वतः तर नेमाचे पक्के. एकदा सासरच्या गावच्या वेशीवर वऱ्हाड मागं राहिलं म्हणून जीप घरघरत उभी ठेवून ते आत बसून राहिले, दिलेला लाडूही खिडकीतूनच खाल्ला. चालवायचे मात्र लोण्यातून सुरी फिरावी तसं. म्हणायचे, "मागं रडणारी पोर असती. तिला गचका बसला की तिला वाटतं, झालं, सासर सुरू झालं." आणि आतला आरसा वर छताकडं फिरवून ठेवायचे. नवरीला पोटभर रडू द्यावं, ड्रायव्हरनं आरशातून बघत बसू नये, म्हणून. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी त्यांच्या बाकीच्या शंभर खोडी माफ केल्यात.

माझी लेक संस्कृती त्याच जीपच्या पुढच्या सीटवर वाढली. शाळेतून येताना रोज त्यांचा एक खेळ चालायचा. आबा विचारायचे, "तुला सासरी कोण पोचवनार?" आणि ही तोंडातलं चिंचेचं बोटूक काढून ओरडायची, "आबा." पोरगी इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरीला लागली, तरी फोन ठेवताना आबा तेच विचारायचे आणि ती तेच उत्तर द्यायची. मला आपलं वाटायचं, म्हातारपणाचा चाळा आहे. पण तसं नव्हतं. त्या माणसानं गावातली प्रत्येक पोर सुखरूप पोचवली होती, आणि घरची एकच पोचवायची राहिली होती.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग सही वाकडी व्हायला लागली. एक दिवस जीप गोठ्याच्या खांबाला घासली. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. मी जीपची किल्ली ज्वारीच्या कणगीत लपवली आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. आबांनी महिनाभर अबोला धरला. जेवताना मीठ हवं असलं तरी भिंतीला सांगायचे. साखरेचा आजार आहे म्हणून मी त्यांना बिनसाखरेचा चहा देते, त्याचा राग आधीच होता. त्यात ही भर पडली.

अशातच संस्कृतीनं अद्वयला घरी आणलं. बारामतीचा मुलगा, आईवडील दोघं प्रोफेसर, हा पुण्यात गाड्यांच्या कंपनीत. बोलायला मऊ, जेवायला लाजरा. मला तर तो दारातच आवडला. पण दारात त्याच्या मागं जी उभी होती तिला बघून आबांचं तोंड कारल्यासारखं झालं. लाल, बुटकी, जमिनीला पोट टेकलेली, दोनच सीटांची गाडी. जुनीच होती, पण पठ्ठ्यानं पोटाला चिमटा काढून घेतली होती आणि पोटच्या पोरासारखी जपायचा. आमच्या वेशीजवळचा स्पीडब्रेकर ओलांडताना त्यानं उतरून खाली वाकून बघितलं, मग तिरकी तिरकी वर चढवली. सगळा पार हसत होता.

आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. त्यांचा पहिला प्रश्न पगाराचा नव्हता आणि कुळाचाही नव्हता.

"जोर कुठल्या चाकांला?"

"मागच्या, आबा."

"हं." आबा संस्कृतीकडं वळून म्हणाले, "माझ्या जीपागत." आणि तिथंच त्यांचा चेहरा उतरला.

रात्री जेवताना संस्कृतीनं विचारलं, बिघडलं कुठं? तर म्हणाले, "आगं, फुडची चाकं गाडीला वडत्यात, मागची ढकलत्यात. कोरड्या रस्त्यावर ढकलनारी ब्येस. पन पाय घसरला की ढकलनारं मानूस आडवं होतं आन् गाडीला गर्रकन फिरवतं. लगीन ऊसतोडीच्या हंगामात येनार. समदा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी राड केलेला. पिंपळीच्या अलीकडचं वळन तर ठावंच हाय तुला. आन् त्या गाडीला ताकद माझ्या चार जिपांची."

मलाही ते ठाऊक होतं. ट्रॉल्या वावरातून वर चढतात, चाकांचा काळा चिखल डांबरावर पडतो, त्यावर उसाचं वाळलेलं पाचट पडतं, आणि सकाळच्या दवानं त्याचं लोणी होतं. त्या वळणावर आबांची जीप एकदा उलटी तोंड करून थांबली होती. सोबत नवरी नव्हती म्हणून बरं.

पुढच्या रविवारी अद्वय आला तेव्हा आबांनी त्याला ओसरीवर बसवून सरळ विचारलं, "जावईबापू, गाडी मागनं सुटली तर काय करता?"

अद्वय म्हणाला, "तशी सुटायच्या आधीच गाडी धरते, आबा. त्याला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणतात. मी स्टेअरिंग कुठं फिरवलंय आणि गाडी खरंच कुठं चाललीय, हे ती सारखं बघत असते. दोन्हींत फरक पडला की एखाद्याच चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनचा जोर कमी करते."

"मला न इचारता ब्रेक लावती?"

"हो."

"मंग चालवनारा कोन? ती का म्या?" आबा उठून उभे राहिले. "आमी काय निसतं हार घालून बसायचं व्हय?"

अद्वय घाबरला नाही, आणि हसलाही नाही. म्हणाला, "चला, दाखवतो. मग तुम्हीच सांगा."

जत्रेच्या माळावर दोघं गेले. मी आणि संस्कृती स्कुटीवर मागोमाग. सोसायटीचा टँकर आदल्या दिवशी तिथं सांडला होता, निम्मा माळ निसरडा झाला होता. अद्वयनं आधी एक बटण बराच वेळ दाबून धरलं आणि तो कंट्रोल बंद केला. समोर पिवळा दिवा लागला. ओल्यात वळताना त्यानं जरा जोर दिला, आणि लाल गाडी भोवऱ्यासारखी गरकन फिरून आमच्याकडं तोंड करून थांबली. आबांनी दोन्ही हातांनी पुढची फळी धरली होती. मग अद्वयनं कंट्रोल पुन्हा चालू केला आणि त्याच जागी, त्याच वेगानं, तोच जोर दिला. मागची बाजू नुसती हलली, आतून टकटक आवाज आला, दिवा लुकलुकला आणि गाडी शहाण्यासारखी वळून गेली.

आबांनी फळीवरचे हात सोडले. मग म्हणाले, "आता म्या."

मी ओरडणार होते, पण संस्कृतीनं माझा हात दाबला. मोकळा माळ, अद्वय शेजारी, वेग बैलगाडीचा. आबा त्या गाडीत बसले म्हणजे जवळजवळ पाटावरच बसले. त्यांनी दोन-चार फेऱ्या मारल्या, मुद्दाम ओल्यातनं. उतरायला त्यांना दोघांनी हात द्यावा लागला. डोळे मात्र पोरासारखे चमकत होते.

"रेश्मा," मला म्हणाले, महिन्याभरानं थेट मला, "बैल आडव्यात शिरला की आपन एका बाजूचा कासरा वडतो का न्हाय? दोनी न्हाय, येकच. तसं कुनीतरी येकच कासरा वडतंय बग. हळूच. कळू बी देत न्हाय."

अद्वय म्हणाला, "पण देव नाही ती, आबा. वेग जास्त असला तर तिचंही काही चालत नाही."

"ते मला शिकवू नगा. ती जागी हाय का झोपलीया, ते कसं कळतं?"

"चालू करताना पिवळा दिवा लागून विझतो. विझला म्हणजे जागी. तसाच राहिला म्हणजे झोपलेली. कधीकधी चिखलात चाकं फार फिरली की ती रुसते, मग बटण दाबूनही दिवा जात नाही. अशा वेळी गाडी एकदा बंद करून परत चालू करायची. ताळ्यावर येते."

आबांनी मान हलवली. त्या संध्याकाळी त्यांनी अद्वयला अहो-जाहो सोडून पहिल्यांदा "पोरा" म्हटलं.

तरी त्यांच्या मनातली गोष्ट राहिलीच. संस्कृतीनंच ती काढली. म्हणाली, "आबा, पाठवणीला तुम्हीच न्या मला. अद्वय मागून जीपमधून येईल. मी बोललेय त्याच्याशी, तो हो म्हणालाय." मी पोळ्या लाटत होते, माझं लाटणं थांबलं. म्हातारा हो म्हणाला तर मी नाही कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

आबांनी आपला उजवा हात तिच्यापुढं धरला. तो थरथरत होता. "लोकांच्या पोरी न्हेल्या तवा ह्यो धड व्हता," ते म्हणाले. "आपल्याच पोरीला थरथरता हात देऊ व्हय? न्हाय. म्या निसती गाडी चालू करून दीन. येवढं बास." आणि ते उठून गोठ्याकडं गेले. संस्कृती रडली. मीही पोळपाटावर डोळे पुसले, आणि पोळ्या खारट झाल्या असतील तर कुणी बोललं नाही.

लग्न आमच्याच वावरात झालं, ऊस तुटून गेलेल्या. अक्षता पडल्या, जेवणावळी उठल्या, हलगी वाजायला लागली. पाठवणीची गाडी मांडवामागं बांधाकडेला सजवून उभी होती. ठरल्याप्रमाणं आबा आत बसले, प्रयागबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, माझ्या नवऱ्यानं, इंद्रजितनं, नारळ फोडला, आणि आबांनी बटण दाबून इंजिन चालू केलं. दिवा लागला, विझला. आबा समाधानानं उतरले. आता ही गाडी थेट बारामतीत बंद व्हायची.

पण शेजारच्या वावराला रात्री पाण्याची पाळी होती आणि बांध कुठंतरी फुटला होता. सजावट करणाऱ्यांनी सतरंज्या अंथरल्या होत्या, त्यामुळं कुणाला पत्ताच नाही. अद्वय आत बसून गाडी मांडवाच्या दाराकडं आणायला गेला तर मागची चाकं काळ्या रानात जागच्या जागी फिरायला लागली. तो कंट्रोलही जोर देऊ देईना. चाक घसरलं की तो जोर तोडतो, मग चिखलातनं निघायचं कसं? अद्वयनं बटण दाबून कंट्रोल बंद केला. पोरांनी मागनं रेटा दिला, चाकांनी चिखल उडवला, इंद्रजितचं नवं जाकीट पाठीपासून पोटापर्यंत रंगलं, आणि गाडी सुटली एकदाची. लोक हसले, हलगीनं ठेका धरला, आणि नवरी बाहेर आली.

संस्कृती मला बिलगली ते सांगत नाही. कुठल्या आईला ते सांगता येतं? ती आत बसली. आबा खिडकीपाशी वाकले. मी ओटीचं तबक घेऊन त्यांच्या शेजारीच होते, म्हणून मी ऐकलं.

"ह्यो दिवा का पिवळा?" आबा हळूच म्हणाले.

अद्वय त्याहून हळू बोलला. "मघाशी चिखलात रुसली, आबा. बटण दाबून बघितलं, जात नाही. बंद करून चालू केल्याशिवाय जायचा नाही. पण राहू द्या. तुमचा नेम आहे, सगळं गाव उभं आहे. मी अगदी हळू नेतो."

बघा, हा बारामतीचा प्रोफेसरांचा मुलगा. त्याचा त्या नेमावर विश्वास असायचं काहीच कारण नव्हतं. पण म्हाताऱ्याचा मान चारचौघांत मोडू नये म्हणून तो त्या वळणावरून बायकोला तशीच न्यायला निघाला होता. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं.

आबांनी मान वर केली. सगळ्या गावाकडं बघितलं. त्यातल्या कितीतरी बायका त्यांच्याच जीपमधून सासरी गेल्या होत्या, माहेरपणाला येऊन आता लेकीबाळींसह उभ्या होत्या. त्यांनी एकदा संस्कृतीकडं बघितलं. तिचं लक्ष नव्हतं, ती पदरात तोंड घालून रडत होती. मग आबांनी हात आत घातला. हात थरथरत होता, पण बटण चुकलं नाही.

इंजिन बंद पडलं.

हलगी आपोआप थांबली. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. मीही घाबरले, खोटं कशाला बोलू. शिकलेली असले तरी आई होते, आणि मला भिगवणचा तो चहा आठवला.

प्रयागबाई गर्दीतनं पुढं आल्या. आता पार वाकल्यात, पण आवाज अजून बांधावरनं पलीकडं जातो. "आप्पा, ह्ये काय केलंस? समद्या गावाला नेम लावलास आन् घरच्याच पोरीच्या टायमाला मोडलास?"

"व्हय, आक्का. मोडला." आबांनी नजर खाली घातली नाही. "वाटंवर राड हाय. गाडीतलं ते राखन करनारं झोपलं हुतं. त्येला उठवायचं तर बंदच करावी लागती. नेम पोरीसाठी केला हुता. पोर नेमासाठी न्हाय."

प्रयागबाईंना स्टॅबिलिटी कंट्रोल काय कळणार. पण त्यांनी एकदा भावाकडं बघितलं, एकदा गाडीत रडणाऱ्या पोरीकडं, आणि पदर खोचला. "माझ्या वक्ताला जीप ढकलून चालू केली व्हतीस. तवा कुठं व्हता नेम? चालू कर परत. आन् आरं ए इंद्रजित, बगतोस काय, दुसरा नारळ आन."

दुसरा नारळ फुटला. अद्वयनं ब्रेक दाबला, आबांनी पुन्हा बटण दाबलं. समोरचे सगळे दिवे एकदम लागले आणि एकेक विझत गेले. पिवळा सगळ्यांत शेवटी गेला. आबांनी तो जाईपर्यंत हात काढला नाही. मग संस्कृतीच्या डोक्यावर तोच हात ठेवला आणि म्हणाले, "आता जा, बाय." लाल गाडी धुळीतून हळूहळू रस्त्याला लागली. वेशीजवळच्या स्पीडब्रेकरवर तिरकी झाली तेव्हा आबा हसले. ती दिसेनाशी झाल्यावर मात्र तिथंच बांधावर बसले.

लग्नघर रिकामं होताना कसं असतं, ठाऊक आहे ना? आचारी पातेली मोजत होते, मांडववाले दोऱ्या सोडत होते. आबा बांधावरून उठेनात. मी दोनदा बोलावलं. "यीन," म्हणाले, आणि पुन्हा रस्त्याकडं बघत बसले. माझा मोबाइल त्यांनी मागून घेऊन मांडीवर ठेवला होता. मीही मग कामं टाकून शेजारी बसले.

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. आबांना तो घेता येईना, बोट हलत होतं. मी घेतला, स्पीकरवर लावला.

"आबा," संस्कृतीचा आवाज रडून रडून बसला होता, पण हसरा होता. "पोचलो. आत्ता दारातच उभे आहोत, माप ओलांडायचंय. पण आधी तुम्हाला सांगते. पिंपळीच्या अलीकडच्या वळणावर नुकत्याच ट्रॉल्या वर चढल्या होत्या, सगळा चिखल. अद्वय हळूच चालला होता, तरी मागची बाजू गेली. माझ्या तोंडून आईऽ निघालं. तेवढ्यात टकटक वाजलं, दिवा लुकलुकला आणि गाडी सरळ झाली. अद्वयनं बाजूला घेऊन दोन मिनिटं नुसता श्वास घेतला. मग काय म्हणाला माहितीय? म्हणाला, आबांनी कासरा ओढला."

आबांच्या गालावरून पाणी घळाघळा वाहायला लागलं. त्यांनी पुसलं नाही. फोन तोंडाजवळ धरून नेहमीचा प्रश्न विचारायला गेले, तर आवाजच फुटेना. पलीकडून पोरीनंच तो ओळखला. शाळेतल्यासारखी ओरडली, बारामतीत, सासरच्या दारात, सगळ्या नव्या माणसांपुढं.

"आबा."

त्यांनी फोन माझ्याकडं दिला. बराच वेळ हाताकडं बघत राहिले. हात अजून थरथरतच होता.

"पोचवली म्हन की म्या," ते म्हणाले.

"पोचवली, आबा," मी म्हणाले. "चला घरात." आणि आत जाऊन मी चहा टाकला. त्यात दोन चमचे साखर घातली, आणि बशी वाजू नये म्हणून कप त्यांच्या ओठांशी मीच धरला.